तुरटीचा खडा चौकोनीही असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या बालपुरवणीत घरच्या घरी स्फटिक तयार करण्याची कृती आली आहे. मुलांना हाताने काही करायला लावणारा मजकूर हल्ली फार कमी छापून येतो, म्हणून आधी मनापासून आभार. पण त्यातल्या दोन वाक्यांनी मला झोप लागू दिली नाही. एक, तुरटीचा स्फटिक नेहमी आठ पैलूंचाच होतो, तसा झाला नाही तर प्रयोग चुकला असे समजावे. दुसरे, मिठाचा दाणा चौकोनी नसेल तर त्यात भेसळ आहे. ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. पहिल्यापायी तर माझ्या एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. ही गोष्ट १९९६ सालच्या मार्गशीर्षातली. आमच्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस असा की आषाढ-श्रावणात बरणीतले मीठसुद्धा पाणी सोडते, मग द्रावण कुठले आटायला! म्हणून स्फटिकांचे प्रयोग मी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की लावायची. कृती साधी. अर्धा लिटर गरम पाण्यात शंभर ग्रॅम तुरटी विरघळवायची, सुती कापडातून गाळायची, निवू द्यायची. तळाशी बसलेल्या कणांतला एक नीटस कण दोऱ्याला बांधून पुन्हा त्याच द्रावणात सोडायचा आणि बाटली कोणी हलवणार नाही अशा जागी ठेवायची. तुरटी किराणा दुकानातली, न्हावी दाढीनंतर फिरवतात ती. पाणीपुरवठ्याच्या टाकीवर पोत्यांनी येतात त्या लाद्या चालत नाहीत. त्यांनाही तुरटीच म्हणतात, पण त्या ॲल्युमिनियम सल्फेटच्या, पोटॅशियमशिवायच्या. त्यांचे असे खडे होत नाहीत.

सातवीतल्या त्या मुलीचे वडील ग्रामपंचायतीचे वॉटरमन होते. तिने घरी बाटली लावली तेव्हा त्यांनी सहज सांगितले, ‘तुरटी टाकलीस तर चिमूटभर चुनाबी घाल की. टाकीत आम्ही घालतोच.’ ते काही खोटे नव्हते. तुरटीने गढूळ पाणी निवळते, पण पाण्याला आंबटपणा येतो. तो मोडायला जलशुद्धीकरणात चुना घालतात. पोरीने वाटाण्याएवढा खाण्याचा चुना द्रावणात ढवळला. तळाशी पांढरा गाळ बसला, तो तिने दोनदा गाळून काढला आणि नितळ पाण्यात दोरा सोडला.

तीन आठवड्यांनी तिने खडा आणला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुपारीएवढा, काचेसारखा आरपार. बाकीच्या मुलांचे खडे म्हणजे दोन पिरॅमिड तळाशी तळ लावून जोडावेत तसे, वर टोक, खाली टोक. हिच्या खड्याला टोकच नव्हते. टोकाच्या जागी सपाट चौकोन, आणि असे सहा चौकोन मिळून जवळजवळ पूर्ण फासा. फक्त आठ कोपऱ्यांवर नखाएवढे तिरके त्रिकोण राहिले होते. मी म्हटले, ‘अगं, हे काय आणलंस?’ ती म्हणाली, ‘तुरटीच हाय बाई. पण चौकोनी आलंय.’

आवडला म्हणून तालुका पातळीवरच्या एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही तो मांडला. परीक्षकांनी हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, तुरटी अशी नसते, हा मिठाचा खडा आहे, विकत आणून ठेवलाय. पोरगी घाबरली नाही. म्हणाली, ‘चाखून बघा की सर.’ यावर उद्धटपणाबद्दल तिलाच चार शब्द ऐकावे लागले आणि तिच्या नावापुढे फुली पडली. आपल्या भाषेत त्या पदार्थाचे नावच चवीवरून पडले आहे. जिभेचे टोक लावले असते तर एका क्षणात निकाल लागला असता. मी हे बोलायला हवे होते. पण पुस्तकात आकृती आठ पैलूंची होती, माझ्या मनातही तीच होती, आणि माझी खात्री तिच्याइतकी पक्की नव्हती.

नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकात मला ते सापडले. तुरटीच्या द्रावणात थोडा अल्कली, म्हणजे चुन्यासारखा आंबटपणा मोडणारा पदार्थ, घातला तर ती घनाकार स्फटिकरूप घेते. रसायनशास्त्रज्ञांना ही गोष्ट कैक पिढ्यांपासून माहीत आहे. इटलीतल्या तोल्फा येथील प्रसिद्ध ‘रोमन तुरटी’ बाजारात ओळखली जायची तीच मुळी तिच्या चौकोनी खड्यांवरून. आमच्याकडे ज्यावरून खडा खोटा ठरला, तीच तिकडे अस्सल मालाची खूण होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी स्वतः तीन बाटल्या लावल्या. एकीत नुसती तुरटी, दुसरीत चुना, तिसरीत धुण्याचा सोडा. सोडा चिमटीचिमटीने घातला. प्रत्येक चिमटीला फेस येतो, पांढरे ढग उठतात आणि ढवळले की विरतात. ते विरेनासे झाले की थांबायचे आणि गाळायचे. पहिल्या बाटलीत नेहमीचा आठ पैलूंचा खडा आला. चुन्याच्या बाटलीत टोके छाटलेला आला, आणि सोड्याच्या बाटलीत लुडोच्या फाशासारखा. तिन्ही बाटल्यांत तुरटी एकाच पुडीतली होती.

असे का होते, हे मुलांना सांगता येते. पुरवणीत त्यासाठी चार ओळींची जागा सहज निघाली असती. स्फटिक म्हणजे थरावर थर. गवंडी चिऱ्यांची भिंत रचतो तसे कण येतात आणि अर्धवट थराच्या कडेला, जिथे दोन-तीन बाजूंनी आधार मिळतो तिथे, बसत जातात. आता पाण्यात दुसरेच काही विरघळलेले असेल तर त्याचे कण त्याच कडेला येऊन अडून बसतात. एखादा वाकडा चिरा मध्येच बसावा आणि पुढची रांग खोळंबावी, तसे होते. पण हा पाहुणा सगळ्या पैलूंवर सारखा बसत नाही. प्रत्येक पैलूवर कणांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे एखाद्या पैलूवर तो घट्ट धरतो, दुसऱ्यावर टिकत नाही. जिथे धरतो त्या पैलूची वाढ मंदावते.

आता खरी मेख. जो पैलू सावकाश वाढतो तोच शेवटी मोठा दिसतो, आणि भरभर वाढणारा नाहीसा होतो! हे पहिल्यांदा ऐकले की मुले मान हलवतात, पटत नाही म्हणून. मी त्यांना हलशीला नेत असे. तिथल्या कदंबकालीन देवळांची पायऱ्यापायऱ्यांची शिखरे पाहा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा लहान. जितके थर चढवाल तितकी वरची सपाट जागा आक्रसत जाते आणि अखेर कळसाच्या टोकात संपते. तुरटीच्या टोकापाशी एक लहानसा चौकोनी पैलू असतो, तो साध्या द्रावणात भरभर थर चढवतो आणि टोकात मिटून जातो. म्हणून आपल्याला टोक दिसते. चुन्याने द्रावणाचा आंबटपणा कमी झाला, तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा काही भाग वेगळ्या रूपात गेला आणि त्या चौकोनी पैलूची चाल मंदावली. शिखर मध्येच थांबले, माथा सपाट राहिला. तसाच वाढत राहिला तर आजूबाजूचे तिरके पैलूच मिटून जातात.

बदलत नाही तो कोन. १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने हे लिहून ठेवले: स्फटिकाचे पैलू लहानमोठे होतील, पण त्यांच्यामधले कोन तेच राहतात. पुढे १७८० च्या सुमारास कारांजो नावाच्या फ्रेंच माणसाने कोन मोजायचे साधे यंत्र बनवले. दोन पट्ट्या, मध्ये खीळ आणि एक कोनमापक. पोस्टकार्डाच्या दोन पट्ट्या आणि टाचणी घेऊन ते आमच्या वर्गातही होत असे. आठ पैलूंच्या खड्यावर शेजारच्या दोन पैलूंमध्ये साडेएकशेनऊ अंशांच्या आसपास कोन मिळतो. चौकोनी खड्याच्या कोपऱ्यावर उरलेला तिरका त्रिकोण आणि शेजारचा चौकोन यांच्यात सव्वाशेच्या आसपास. आतली मांडणी एकच असल्याशिवाय हे हिशेब जुळत नाहीत. परीक्षकांना आकारच पाहायचा होता, तर तो असा पाहता आला असता.

मिठाबद्दलचे वाक्य तर याहून जास्त त्रास देणारे आहे, कारण त्यावरून कुणीही आपल्या किराणा दुकानदाराला चोर ठरवेल. शुद्ध पाण्यातून मीठ चौकोनी येते हे खरे. पण रोमे द लील या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १७८३ सालीच नोंदवले आहे की मूत्रातून स्फटिकलेले मीठ आठ पैलूंचे होते. ती करामत मूत्रातल्या युरियाची. युरिया हा क्षार नव्हे, पण पैलूला जाऊन चिकटण्याचे काम तोही करतो. खेड्यात युरिया कुणाच्या घरी नसतो? मिठाच्या संपृक्त द्रावणात तो भरपूर घालून बशी सावलीत ठेवली तर भिंगाखाली टोकदार दाणे दिसतात, मी पाहिले आहेत. म्हणजे तुरटी चौकोनी आणि मीठ अष्टपैलू, असे दोन्ही आकार आपल्याला हवे तसे अदलाबदल करून मिळतात. हा प्रयोग पुरवणीत द्या, मुले नाचतील. फक्त ते मीठ कुणी तोंडात घालू नये, एवढी सूचना ठळक छापा.

मिठाच्या पाकिटावर बारीक अक्षरात ५३६ हा क्रमांक पुष्कळदा दिसतो. ते पोटॅशियम फेरोसायनाइड, मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले. नावात सायनाइड आहे म्हणून मोबाइलवर भीतीचे संदेश फिरतात, माझ्या धाकट्या जावेने तर बरणी रिकामी केली होती. त्यात सायनाइड लोखंडाला इतके घट्ट बांधलेले असते की सुटे होत नाही, आणि घालतात तेही किलोला काही मिलिग्रॅम. त्याचे काम मात्र थक्क करणारे आहे. मिठात एका सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, याच्यात एका लोखंडाभोवती सहा सायनाइड. मापे इतकी जुळतात की हा पाहुणा मिठाच्या पैलूवर नेमका त्या जागी जाऊन बसतो. पण विद्युतभार जुळत नाही, म्हणून त्याच्यावर पुढचा थर धरत नाही. पैलू अडतात, कोपरे तेवढे वाढत राहतात आणि घन होण्याऐवजी मिठाला नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटतात. पावसाळी हवेत मिठाचे दाणे भिजून वाळतात तेव्हा एकमेकांना धरून दगड होतात. ह्या नाजूक फांद्यांना तशी पकड येत नाही. मग अशा मिठाचा दाणा चौकोनी नाही म्हणून भेसळ म्हणायचे का?

हाच गुण भिंतींच्या कामी येईल का, हेही शास्त्रज्ञ तपासून पाहत आहेत. आमच्या जुन्या घराच्या मागल्या भिंतीला दरवर्षी लोणा लागतो. पावसात भिंत पाणी पिते, थंडीत ते वाळते आणि त्यातले क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन आतून रेटा देतात. बोट लावले की पोपडा हातात येतो. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की फेरोसायनाइड असले की मीठ आत न साचता पृष्ठभागावर येऊन कापसासारखे फुलते, आणि ते झाडून टाकता येते. आमच्या भागातल्या जुन्या देवळांच्या दगडांचा विचार मनात येतो तेव्हा मला ही बारीकशी गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे किती टिकते ते पाहावे लागेल.

एकदा डोळ्यांत भरले की हे सगळीकडे दिसू लागते. गिझरच्या कॉइलवर जमणारी पांढरी खपली म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. तेच कार्बोनेट साध्या पाण्यातून कॅल्साइटचे तिरपे ठोकळे होऊन येते. पाण्यात मॅग्नेशियम जास्त असेल तर कॅल्साइटची वाढ अडते आणि ॲरागोनाइट नावाच्या सुया येतात. शिरोडा-वेंगुर्ल्याच्या समुद्रात कॅल्शियमच्या एका कणामागे मॅग्नेशियमचे पाच आहेत, म्हणून तिथले पाणी सुयांच्या बाजूचे. माझा एक विद्यार्थी साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडणारा, आहे. तो सांगतो, ऊस तोडून चार-पाच दिवस फडात पडला की साखरेचा दाणा लांबुडका येतो आणि मळीपासून नीट सुटत नाही. शिळ्या उसात जंतू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, तो दाण्याच्या काही बाजूंना अडवतो. दाणा पाहून तो उसाची शिळवड ओळखतो. आकार पाहून पाण्यात काय होते ते ओळखायचे, हीच तर विद्या आहे. आकार पाहून माणसाला खोटे पाडायचे, ही नव्हे.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना आणखी एक गंमत सांगता येईल. कन्नडमध्ये तुरटीला ‘पटिक’ म्हणतात, म्हणजे आपला ‘स्फटिक’च. आम्ही चवीवरून नाव ठेवले, त्यांनी रूपावरून. दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या मुलाला एकाच खड्याची दोन लक्षणे फुकट मिळतात. त्या दिवशी त्या सभागृहात दोन्ही भाषा बोलणारे आम्ही सगळे होतो, आणि रूपावर भांडत बसलो.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या रविवारी दुरुस्ती छापा: आठ पैलूंचा खडा न आल्यास प्रयोग चुकला असे समजू नका. कोणते पाणी घेतले, विहिरीचे, नळाचे की पावसाचे, भांड्यात आधी काय होते, आणखी काय घातले, हे वहीत लिहा आणि खड्याचे चित्र शेजारी काढा. प्रदर्शनांच्या परीक्षकांनाही सांगणे आहे, फुली मारण्याआधी मुलाची वही मागा. त्या पोरीच्या वहीत ‘पप्पांनी सांगितल्यावरून चुना घातला’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. ती वही टेबलावरच होती. कुणी उघडली नाही, मीसुद्धा नाही.

मला खरे कळले तेव्हा ती दुसऱ्या गावच्या हायस्कूलला गेली होती. पुढे तिचे लग्न गडहिंग्लजला झाले. नंदगडच्या यात्रेत एकदा भेटली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सगळे सांगितले, माफी मागितली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘मला ठाऊक होतं बाई. घरातनं निघायच्या आधीच मी चाखून बघितली होती.’

तिचे वडील आता निवृत्त आहेत. सकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात आपलाच पेपर वाचतात, रविवारचा पुरवणीसकट. आपल्या सल्ल्यामुळे पोरीचा नंबर गेला असे ते इतकी वर्षे धरून बसले आहेत, आणि मी तोंडी सांगून त्यांना पटत नाही, छापून आले तर पटेल. दुरुस्ती कोणत्या रविवारी येणार ते आधी कळवावे. त्या दिवशी मी चुन्याच्या बाटलीतला खडा डबीत घालून त्यांच्या टेबलाशी जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव